मेपलच्या जागी काय?

फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७९१ साली थॉमस जेफरसनला एक लांबलचक पत्र लिहिले. पत्राचा विषय एक झाड होता. ईशान्य अमेरिकेच्या जंगलांत आपोआप वाढणारा साखर-मेपल जोपासा, त्याच्या रसाची साखर घरोघर वापरा, म्हणजे वेस्ट इंडीजच्या उसाची साखर आणावी लागणार नाही आणि तिथल्या मळ्यांवर गुलामांचे जे हाल होतात त्यांत आपला हात राहणार नाही, असे रश यांचे म्हणणे होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत रश आहेत, आणि गुलामगिरीला त्यांचा उघड विरोध होता. क्वेकर पंथाची मंडळीही तेव्हा हाच प्रचार करत होती. जेफरसनला कल्पना पटली. स्वतः शेकडो गुलाम बाळगणाऱ्या या माणसाने व्हर्जिनियातल्या आपल्या माँटिसेलो मळ्यात मेपलची रोपे लावली. तिथे ती तगली नाहीत.

म्हणजे गोऱ्या वसाहतकारांच्या स्वयंपाकघरात मेपलची शिफारस झाली ती उसाच्या साखरेला पर्याय म्हणून. त्याआधी कित्येक पिढ्या अनिशिनाबे, हौडेनोशौनी या तिथल्या मूळ समाजांना हा रस काढायची आणि आटवायची विद्या अवगत होती. ते त्याची कोरडी साखर करत, कारण ती भूर्जाच्या सालीच्या डब्यांत भरून वर्षभर ठेवता येई. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उसाची साखर इतकी स्वस्त झाली की मेपलच्या साखरेला गिऱ्हाईक उरेना. तेव्हा शेतकऱ्यांनी रस पूर्ण न आटवता, तो पातळ असतानाच उतरवून बाटल्यांतून विकायला सुरुवात केली. आज आपण ज्याला मेपल सिरप म्हणतो त्याचा बाजार असा उभा राहिला.

आता प्रश्न उलट दिशेने येतो. केकची, ग्रॅनोलाची किंवा दूध-तूप टाळणाऱ्यांच्या एखाद्या मिठाईची परदेशी पाककृती वाचायला घ्यावी, तर त्यात ‘अर्धा कप मेपल सिरप’ लिहिलेले असते. बाटली महाग असते, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. मग मध घालावा का, गूळ चालेल का, नुसती साखर का नको, अशी चर्चा सुरू होते. एक कप मेपल म्हणजे एक कप मध, असे सांगून मोकळे होणारे तक्ते पुष्कळ आहेत. मला ते अपुरे वाटतात, कारण हे सिरप प्रत्येक पदार्थात एकच काम करत नाही. केकच्या मिश्रणात ते गोडी आणि पाणी पुरवते. ग्रॅनोलात ते ओट्सना एकमेकांशी बांधून ठेवते. भाजलेल्या गाजरांवर ते रंग आणि चकाकी आणते. पॅनकेकवर ओतले की त्याच्याकडून फक्त स्वादाची अपेक्षा असते. त्या पदार्थात त्याच्याकडे कोणते काम आहे हे आधी ठरवले की पर्याय निवडणे सोपे जाते, आणि बहुतेक वेळा तो घरातच सापडतो.

त्यासाठी बाटलीत नेमके काय आहे ते पाहू. हिवाळा सरता सरता रात्री तापमान गोठणबिंदूखाली जाते आणि दिवसा वर येते. या चढउताराने मेपलच्या खोडात दाब निर्माण होतो आणि खोडाला पाडलेल्या छिद्रातून पाण्यासारखा रस ठिबकू लागतो. जगातले सुमारे ७० टक्के मेपल सिरप कॅनडाच्या क्युबेक प्रांतात होते, आणि तिथे हा हंगाम मुख्यतः मार्च-एप्रिलचा. रसात साखर असते साधारण २ टक्के. त्यामुळे १ लिटर सिरपसाठी ४० लिटरच्या आसपास रस आटवावा लागतो, आणि किमतीचे मोठे कारण तेच आहे. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या ४ अंश वर, म्हणजे १०४ अंश सेल्सिअसला, सिरप तयार झाले असे मानतात. आपल्याकडे पाक एकतारी होण्याच्या किंचित अलीकडची ही अवस्था. या टप्प्यावर त्यात ६६ ते ६७ टक्के साखर असते, बाकी जवळजवळ सगळे पाणी. घन पदार्थ ६६ टक्क्यांहून कमी असतील तर अमेरिकेच्या नियमांनुसार त्याला मेपल सिरप म्हणताच येत नाही.

ही साखर जवळजवळ सगळी सुक्रोज आहे. उसाच्या साखरेतही तोच रेणू असतो. सुट्या ग्लुकोज-फ्रुक्टोजचे प्रमाण अगदी थोडे, आणि आंबटपणा नसल्यासारखाच. पर्याय शोधताना या तीन गोष्टी पुरतात: तिसरा हिस्सा पाणी, साखर बहुतेक सुक्रोज, आणि आम्ल नगण्य.

पहिल्या गोष्टीतून एक सोपा हिशेब निघतो. १०० ग्रॅम मेपल सिरप म्हणजे ६७ ग्रॅम साखर आणि ३३ ग्रॅम पाणी. २४० मिलीच्या कपभर सिरपचे वजन सुमारे ३२० ग्रॅम भरते, म्हणजे त्यात साधारण २१० ग्रॅम साखर आणि १०५ ग्रॅम पाणी असते. पाककृतीत एक कप मेपल असेल आणि घरात फक्त साखर असेल, तर २१० ग्रॅम साखर घ्या आणि ओल्या साहित्यात १०५ मिली पाणी वाढवा. केक बसणार नाही, कोरडाही होणार नाही. मेपलचा वास येणार नाही, एवढाच फरक. ब्राऊन शुगर घेतली तर थोडा खमंगपणाही मिळतो. माझा आग्रह आहे की हे काम वजनकाट्यावर करावे, कारण दाट-पातळ द्रव कपाने मोजताना पाण्याचा अंदाज हमखास चुकतो, आणि केक बिघडतो तो बहुधा तिथेच.

साखरेचा पाक वापरणे म्हणजे कमीपणा, असे समजायचे कारण नाही. क्युबेकमध्ये ‘पूदिंग शोमर’ नावाचा एक पदार्थ आहे, बेकारांचे पुडिंग. १९२९ नंतरच्या महामंदीत कामगारवस्त्यांतल्या बायकांनी तो रूढ केला. मैदा, थोडे लोणी, दूध यांचे साधे मिश्रण भांड्यात घालायचे, वरून ब्राऊन शुगरचा उकळता पाक ओतायचा आणि भट्टीत सरकवायचे. भाजताना पाक खाली जातो, केक वर येतो आणि तळाशी दाट सॉस तयार होतो. आज माँट्रियलच्या उपाहारगृहांत हा पदार्थ मेपल सिरप आणि क्रीम घालून मिळतो आणि क्युबेकची खासियत म्हणून नावाजला जातो. पण त्याचा जन्म झाला तो साखरेच्या पाकातून. मेपलच्या मुलुखातच गरजेप्रमाणे एकाच्या जागी दुसरे येत गेले आहे.

आता आपल्या घरच्या पर्यायाकडे येऊ. मेपल सिरपशी पाण्याच्या प्रमाणात सर्वांत जवळून जुळणारी वस्तू कोल्हापूर-सांगलीच्या गुऱ्हाळात तयार होते. ती म्हणजे काकवी. उसाचा रस काहिलीत घालून चुलवाणावर उकळू लागला की त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्याबरोबर मळी वर येते आणि ती काढून टाकतात. मग रस आटत जातो. गुळव्या तो ११८ अंशांच्या आसपास नेतो तेव्हा गूळ होतो. त्याआधीच, १०५-१०६ अंशांना, उतरवला तर काकवी. मेपलच्या १०४ अंशांच्या किती जवळ आहे पाहा. उसाच्या रसात मुळातच १८ ते २० टक्के घन पदार्थ असतात, म्हणून पाचेक लिटर रसात लिटरभर काकवी होते आणि तिची किंमत आवाक्यात राहते. काकवीत पाणी ३० ते ३६ टक्के. त्यामुळे केकमध्ये, मफिनमध्ये, पॅनकेकच्या पिठात मेपल जितके सांगितले असेल तितकीच काकवी घाला. बाकी काही बदलावे लागत नाही.

काही फरक मात्र ध्यानात ठेवावे लागतात. सगळ्या काकव्या सारख्या दाट नसतात. कपभर काकवीचे वजन ३२० ग्रॅमच्या आसपास भरले तर ती हवी तशी आहे. ३०० ग्रॅमच भरले तर पाणी बरेच जास्त आहे, ती मंद आचेवर थोडी आटवून घ्यावी. दुसरे म्हणजे, काकवीतली काही साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेली असते, शिवाय ती गोठू नये म्हणून बरेच जण त्यात सायट्रिक आम्ल घालतात. त्यामुळे केक थोडा लवकर आणि थोडा जास्त तांबूस होतो. हे चालण्यासारखे आहे. दुधाच्या पदार्थांत मात्र सांभाळावे. मेपल सिरप गरम दुधात घातले तर सहसा काही होत नाही. गुळाने आणि काकवीने दूध फाटते, हे तांदळाची खीर करणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. तेव्हा कस्टर्ड, खीर किंवा आइस्क्रीमच्या पाककृतीत मेपलऐवजी काकवी घालायची तर दूध उतरवून कोमट होऊ द्यावे आणि मगच घालावी. तिसरा फरक चवीचा. काकवीत क्षार जास्त असतात, त्यामुळे मागे एक हलका खारटपणा राहतो. पाककृतीत सांगितलेले मीठ चिमूटभर कमी करावे.

काकवी मिळाली नाही तर गूळ आहेच. १०० ग्रॅम सिरपच्या जागी ७० ग्रॅम गूळ ३० मिली पाण्यात विरघळवून, गाळून घ्यावा. गाळणे टाळू नये, तळाशी बारीक रेव असू शकते. फिकट पिवळा गूळ मेपलच्या हलक्या प्रतीच्या जवळ जातो, गडद गूळ त्याच्या गडद प्रतीच्या. गोव्यात आणि दक्षिण कोकणात माडाचा गूळ मिळतो, दोदोलला लागतो तो. त्याला भाजल्यासारखी एक खोल चव असते. चॉकलेट किंवा अक्रोड असलेल्या केकमध्ये तो मेपलची उणीव भासू देत नाही.

मधाची गोष्ट वेगळी आहे. पर्याय विचारला की सगळे आधी मधाचे नाव घेतात, पण बेकिंगमध्ये मध जपून वापरावा लागतो. त्यात पाणी अवघे १७-१८ टक्के आणि साखर मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. म्हणून १०० ग्रॅम मेपलऐवजी ८० ग्रॅम मध आणि २० मिली पाणी असा हिशेब येतो. फ्रुक्टोज सुक्रोजपेक्षा गोड लागते, त्यामुळे ७५ ग्रॅम मधही पुरतो. भट्टीत या दोन साखरा पिठातल्या प्रथिनांशी थेट अभिक्रिया करतात आणि पदार्थाला तपकिरी रंग आणतात. सुक्रोजला तसे करण्याआधी फुटावे लागते. मेपलची कुकी आतून शिजेपर्यंत सोनेरी राहते, मधाची तितक्याच वेळात कडेने काळपट होऊ लागते. भट्टीचे तापमान १० ते १५ अंशांनी कमी ठेवले की हे टळते. शिवाय मध बराच आम्लधर्मी असतो, त्याचा सामू साधारण ३.९ इतका. एक कप मधाला पाव चमचा खाण्याचा सोडा घातला की केकमध्ये हे आम्ल सौम्य होते. फ्रुक्टोज हवेतला ओलावाही धरून ठेवते. त्यामुळे मधाचा केक चार दिवस मऊ राहतो, पण खुसखुशीत व्हायला हवी ती कुकी दुसऱ्या दिवशी लवचीक होते. कुरकुरीत पदार्थ हवा असेल तर मध सोडून साखरेच्या पाकाकडे जावे.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. एक वर्षाखालच्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये. त्यात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते स्वयंपाकाच्या उष्णतेला दाद देत नाहीत आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. बाळाला मध चाटवायची चाल आपल्याकडे आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिले पाहिजे. बाळासाठी केलेल्या पाककृतीत मेपलच्या जागी मध घालायचा विचारही करू नका. खरे तर त्या वयात गोड घालायची गरजच नसते. आणखी एक गोष्ट: मेपल सांगणाऱ्या बऱ्याच पाककृती प्राणिज पदार्थ अजिबात न खाणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात. त्यांच्या दृष्टीने मध चालत नाही. पाहुणा तसा असेल तर काकवी किंवा साखरच घ्यावी.

बाजारात मिळणारे इतर पाक थोडक्यात सांगता येतील. लंडनच्या प्लेस्टो भागातल्या एब्राम लाइल यांच्या साखर कारखान्यात १८८० च्या दशकात तयार झालेला गोल्डन सिरप म्हणजे अर्धवट फुटलेल्या साखरेचा दाट पाक. त्याचा हिशेब मधासारखाच, ८० ग्रॅमला २० मिली पाणी. त्याला उग्र वास नसतो, म्हणून बेकिंगमध्ये तो चांगला वागतो. अगावे सिरप मेक्सिकोतल्या अगावे वनस्पतीच्या गाभ्यापासून होते. त्यात फ्रुक्टोज फार, त्यामुळे ते बरेच गोड लागते, कमी घालावे. थंड पेयांत ते झटकन मिसळते. रक्तातली साखर ते हळू वाढवते म्हणून त्याची जाहिरात आरोग्यदायी म्हणून होते. तेवढ्यावरून मधुमेही माणसाने ते मोकळेपणी घ्यावे असे मी म्हणणार नाही. मेपल, मध, गूळ, काकवी, अगावे या सगळ्या साखराच आहेत. तांदळाचे सिरप दाट आणि फार कमी गोड असते, ते बांधण्यासाठी उत्तम. खजुराचा पाक काळसर, मऊ चवीचा, केळ्याच्या केकमध्ये छान लागतो. मोलॅसिस, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा पाक, कडवट असतो. तो एकटा मेपलची जागा घेऊ शकत नाही. साखरेच्या पाकात चमचाभर मिसळावा. आणि शून्य उष्मांकांचे मेपल-स्वादाचे जे द्रव मिळतात ते पॅनकेकवर घालायला ठीक, पण केकच्या पिठात साखरेचे वजन आणि ओलावा धरायचे काम त्यांच्याने होत नाही.

ग्रॅनोलात आणि ओट्सच्या वड्यांत हिशेब बदलतो. इथे पाणी उडून जावे आणि मागे चिकटणारा थर राहावा अशी अपेक्षा असते. मेपलपेक्षा मध आणि काकवी हे काम चांगले करतात, कारण त्यांतल्या फुटलेल्या साखरा स्फटिक होऊ देत नाहीत, थर चिवट राहतो. भट्टी १५० अंशांवर ठेवावी, मधून मधून ढवळावे आणि रंग हवा त्याच्या किंचित आधी बाहेर काढावे, कारण तापलेल्या ट्रेवर तो आणखी चढतो. कडक, तुटणाऱ्या वड्या हव्या असतील तर चिक्कीच्या गुळाला तोड नाही, आणि तो वापरताना मेपल आठवायचेही कारण नाही.

गाजर, रताळे, भोपळा भाजताना किंवा तिकडे मासळी आणि हॅम भाजताना वरून लावायला मेपल घेतात. ते हळू करपते म्हणून सुरुवातीलाच लावले तरी चालते. मध, काकवी किंवा अगावे लावायचे तर भाजून होण्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत लावावे. सॅलडवरच्या तेल-व्हिनेगरच्या मिश्रणात यांपैकी काहीही चालते. तिथे आंबट आधीच असते, म्हणून मधाचे आम्ल जाणवत नाही.

इथवर गोडी, पाणी, रंग आणि चिकटपणा यांचे काम झाले. वास राहिला, आणि लोक पैसे मोजतात ते खरे तर वासासाठी. झाडातून येणाऱ्या ताज्या रसाला जवळजवळ वास नसतो. तो तयार होतो उकळण्यात. रसातली थोडीशी अमिनो आम्ले साखरेशी अभिक्रिया करतात, लाकडातून आलेली फिनॉल वर्गातली द्रव्ये त्यात भर घालतात, आणि व्हॅनिलिनसारखे गंधद्रव्यही त्यात सापडते. हंगामाच्या शेवटी हवा उबदार होते, रसातल्या सूक्ष्मजीवांमुळे थोडे सुक्रोज फुटते, आणि असा रस उकळला की सिरप गडद आणि उग्र वासाचे होते. सोनेरी, पिंगट, गडद आणि अतिगडद अशा चार प्रती त्यावरून ठरतात. पाहुण्यांसमोर सोनेरी प्रत ठेवतात, पण स्वयंपाकाला गडद प्रत चांगली, कारण भट्टीच्या उष्णतेतून तिचाच वास शिल्लक राहतो.

मेपलच्या वासाची सर्वांत जास्त आठवण करून देणारे एक द्रव्य म्हणजे सोटोलॉन. त्याचा कणभर अंशही नाकाला कळतो. हे द्रव्य मेथीच्या दाण्यांतही भरपूर असते. न्यूयॉर्कमध्ये २००५ च्या शरद ऋतूत मॅनहॅटनच्या रस्त्यांवर अचानक मेपल सिरपचा वास पसरला. लोकांनी घाबरून तक्रारी केल्या, कारण २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर त्या शहरात कुठलाही अनोळखी वास धोक्याचा वाटत होता. वास पुढची काही वर्षे अधूनमधून येत राहिला. शहराच्या अधिकाऱ्यांनी तक्रारींच्या जागा आणि वाऱ्याच्या दिशा जुळवून पाहिल्या आणि २००९ मध्ये उगम सापडला: नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या, स्वादद्रव्ये बनवणाऱ्या एका कारखान्यात मेथीच्या दाण्यांवर प्रक्रिया होत होती. मेथी खाल्ल्यावर घामाला जो वास येतो त्यामागेही हेच द्रव्य आहे. एक दुर्मीळ जन्मजात आजार असा आहे की त्यात बाळाच्या लघवीला मेपल सिरपचा वास येतो, आणि आजाराला नावही त्यावरूनच पडले. बाळंतपणाआधी आईने मेथी घेतल्यामुळे अगदी निरोगी बाळाच्या अंगाला तसा वास आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ज्या घरांत मेथीचे लाडू होतात त्यांनी हे डॉक्टरांना सांगावे, उगाच घोळ होणार नाही.

कृत्रिम मेपल स्वादासाठी उद्योगात मेथीचा अर्क वापरतात. तेच आपण घरी करू शकतो, आणि मला हा पर्याय फार आवडतो. १०० ग्रॅम ब्राऊन शुगर किंवा फिकट गूळ ७५ मिली पाण्यात विरघळवून उकळी आणावी. पाव चमचा मेथीदाणे मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजावेत, लाल होऊ देऊ नयेत. ते अख्खेच उकळत्या पाकात टाकून भांडे उतरवावे आणि झाकण ठेवून वीस मिनिटे थांबावे. दाणे कुटले तर कडवटपणा उतरतो. मग पाक गाळून घ्यावा, पुन्हा उकळून १५० ग्रॅम वजनावर आणावा, चिमूटभर मीठ आणि दोन-तीन थेंब व्हॅनिला घालावे. गरम असताना मेथी ओळखू येते. गार झाल्यावर, विशेषतः लोण्याबरोबर, ती मागे सरते आणि मेपल पुढे येतो. मफिन, केक, ओट्सची लापशी या सगळ्यांत मेपलच्या जागी हा पाक तितक्याच मापाने चालतो.

अमेरिकेत पॅनकेक सिरप म्हणून जे स्वस्तात विकले जाते तेही असाच, कारखान्यातला, पर्याय आहे. तिथल्या सेंट पॉल शहरातल्या एका व्यापाऱ्याने १८८७ मध्ये मेपल आणि ऊस यांचा मिश्र पाक लाकडी झोपडीच्या आकाराच्या डब्यांतून विकायला काढला तिथून ही परंपरा सुरू झाली. आज अशा बहुतेक बाटल्यांत मक्याचा पाक, रंग आणि स्वादद्रव्य असते, मेपल नसतो. आपल्याकडे येणाऱ्या बाटल्यांवरही ‘मेपल फ्लेवर्ड’ असे लिहिलेले असते. घटकांच्या यादीत एकच घटक असेल तर ते खरे मेपल सिरप. नाहीतर त्या किमतीत काकवी अधिक चांगली.

पर्याय चालत नाही अशाही काही जागा आहेत. क्युबेक आणि व्हर्माँटमध्ये हंगामात गरम सिरप ११२ ते ११५ अंशांपर्यंत आटवून स्वच्छ बर्फावर ओततात. त्याची लवचीक पट्टी होते, ती काडीला गुंडाळून खातात. मेपल क्रीम करताना तसेच आटवलेले सिरप झटकन गार करून घोटतात, तेव्हा सुक्रोजचे अतिशय बारीक स्फटिक होऊन लोण्यासारखा दाट लगदा तयार होतो. त्यासाठी हंगामाच्या सुरुवातीचे, फिकट सिरपच लागते, कारण फुटलेली साखर वाढली की स्फटिक होत नाहीत. अगावे कितीही घोटले तरी हा लगदा होत नाही. साखरेच्या पाकाचा होतो, पण मग त्यात चव कुठून आणायची? अशा ठिकाणी खरे सिरपच विकत घ्यावे.

पॅनकेकवर ओतण्यासाठी मात्र मेपलची नक्कल करण्यापेक्षा दुसरे काहीतरी मनापासून ओतावे असे मला वाटते. घावन आणि आंबोळीवर काकवी आपण पूर्वापार घेत आलोच आहोत. बंगालमध्ये हिवाळ्यात शिंदीच्या झाडाला खाच पाडून रात्रभर रस जमवतात आणि तो आटवून पातळ नलेन गूड करतात. झाड, थंडीचा हंगाम, ठिबकणारा रस आणि चुलीवरचे आटवणे, सगळेच मेपलशी जुळते. त्याचा धुरकट वासही तितकाच खास असतो, आणि तो मिळाला तर मेपलची उणीव भासत नाही.

खऱ्या सिरपची एक लहान बाटली घरात असेल तर ती पुरवून वापरायची रीत सांगतो. गडद प्रतीची घ्यावी आणि फोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी, कारण बाहेर तिच्यावर बुरशी धरते. केकच्या मिश्रणात मेपलच्या सांगितलेल्या मापाचा बहुतेक भाग ब्राऊन शुगरच्या पाकाने किंवा काकवीने भरून काढावा, दोन-तीन चमचे सिरप राखून ठेवावे. भट्टीत बराचसा वास उडूनच जातो, तिथे ते खर्च करण्यात अर्थ नाही. केक बाहेर आला की गरम असतानाच त्याला सुईने टोचे मारावेत आणि राखलेले सिरप ब्रशने वरून लावावे.